जुन्या बंगल्यावर मजला चढवायचा की शेजारी नवं बांधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पुण्यात सहकारनगरला आजोबांनी १९७४ साली बांधलेला बंगला आहे, विटांचं लोड बेअरिंग बांधकाम, खाली चार खोल्या, वर एकच खोली आणि बाकी गच्ची, मागे मोकळी जागा आणि आंब्याचं झाड. घरात आई-वडील सत्तरीच्या पुढचे, तुम्ही दोघं, दोन मुलं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत काढून गर्डर टाकू, गच्चीवर दोन बेडरूम चढवू, चार महिन्यांत घर नवं करून देतो. तुम्ही विचारताय हे करावं का, की सरळ पाडून नवीन बांधावं, आणि काम चालू असताना तिथेच राहिलं तर चालेल का.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, पुण्यातल्या जुन्या बंगल्यांचं काम बरीच वर्षं करतेय, त्यामुळे आधी उत्तर सांगते आणि मग कारणं. पाडू नका. गच्चीवर मजला चढवू नका. मागच्या मोकळ्या जागेत दुमजली नवा भाग स्वतःच्या कॉलमवर उभा करा, जुन्या घरापासून सुटा, आणि जुन्या घरात तोडफोड कमीत कमी ठेवा. हे सगळं अर्थात तपासण्या नीट आल्या तर, त्याचंही खाली लिहिते.

लोड बेअरिंग घरात कॉलम नसतात, भिंतच कॉलम असते. स्लॅबचं वजन भिंतीवर, भिंतीचं पायातल्या काळ्या दगडावर, तिथून मुरमात. म्हणून पहिलं काम म्हणजे कुठली भिंत वजन घेतेय ते ठरवणं. दाराच्या चौकटीपाशी टेप लावा, प्लास्टर धरून दहा-साडेदहा इंच भरली तर नऊ इंची भिंत, सहाच्या आसपास भरली तर साडेचार इंची पार्टिशन. पण पार्टिशन आहे म्हणजे बिनधास्त पाडा असं नाही, इतक्या वर्षांत स्लॅब थोडा वाकून त्या पार्टिशनवर टेकलेला असू शकतो, काही घरांत माळ्याचं वजन तिच्यावर असतं, त्यामुळे स्लॅबच्या सळ्या कुठल्या दिशेने गेल्यात ते कव्हर मीटरने, म्हणजे काँक्रीटमधली सळी शोधणाऱ्या यंत्राने, बघितल्याशिवाय एकही वीट काढायची नाही.

आता तुमच्या त्या मधल्या भिंतीचा हिशोब बघा. दोन्ही बाजूच्या खोल्या बारा-बारा फुटांच्या धरल्या तर दोन्हीकडचे सहा-सहा फूट, म्हणजे बारा फूट रुंदीचा स्लॅब त्या भिंतीवर येतो. पाच इंची स्लॅब, वरची फरशी आणि माणसं-सामान धरून चौरस फुटाला साधारण ५७ किलो, म्हणजे भिंतीच्या दर फुटाला जवळपास ६८० किलो. त्यावर वरच्या मजल्याची नऊ इंची भिंत, दहा फूट उंच, प्लास्टरसकट फुटाला साडेचारशे किलोच्या वर. त्यावर परत गच्चीचा स्लॅब. सगळं मिळून फुटाला १८०० किलोच्या पुढे, आणि बारा फूट उघडायचंय, म्हणजे बावीस टन. गर्डर काय, जाड घेतला की बसेल, जरी या हिशोबाला बाजारात सगळीकडे टाकतात तो दहा इंची पुरत नाही. खरी अडचण गर्डरच्या दोन टोकांना आहे. कालपर्यंत जे वजन बारा फूट लांबीत पसरलं होतं ते आता प्रत्येक टोकाला अकरा टन असं एका जागी उतरणार, आणि तिथे जर फूटभर टेकण दिलं तर पन्नास वर्षांपूर्वीच्या वीटकामाला जेवढा दाब झेपतो त्याच्या निदान दुप्पट तिथे पडतो. तडे लगेच जात नाहीत. एक पावसाळा जातो, मग टेकणाच्या खाली तिरकी बारीक रेघ दिसते, रंगारी पुट्टी भरतो, पुढच्या वर्षी ती परत दिसते. भिंत पूर्ण काढायचीच असेल तर दोन्ही टोकांना काँक्रीटचे खांब, त्यांना स्वतःचा पाया, आणि काम चालू असताना दोन्ही बाजूंनी स्लॅबला टेकू, एवढं सगळं आलं. मी तुम्हाला सुचवेन की आहे त्या दाराची पाच-साडेपाच फुटांची मोकळीक करा, वर नीट लिंटेल, म्हणजे मोकळ्या जागेवरचा आडवा बीम, दोन्ही बाजूंना भिंत शाबूत. ओट्यापाशी उभं राहून हॉलमधली मुलं दिसली, बोलता आलं, की ओपन किचनचं बहुतेक काम झालं, आणि फोडणीचा वासही घरभर जात नाही.

गच्चीवर खोल्या चढवायला माझा विरोध का तेही सांगते. १९७४चा स्लॅब त्या काळच्या पद्धतीने १:२:४ काँक्रीटचा असणार, आजच्या भाषेत एम १५ ताकदीचा, आणि आज आरसीसीला किमान एम २० लागतं. सळ्या साध्या गोल किंवा पीळ दिलेल्या टॉर, आणि त्यांच्या खाली काँक्रीटचं आवरण अर्धा इंच मिळालं तरी नशीब. तो स्लॅब गच्ची म्हणून टाकलाय, खोलीचा मजला म्हणून नाही, आणि त्यावर उभ्या करायच्या भिंती खालच्या भिंतींच्या बरोब्बर वर आल्या तरच काही अर्थ, पण आजच्या बेडरूमला अटॅच्ड बाथरूम आणि वॉर्डरोब हवा असतो त्यामुळे त्या कधीच बरोब्बर वर येत नाहीत, मग कॉन्ट्रॅक्टर म्हणतो एएसी ब्लॉक, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे, वापरू, हलके असतात. असतात हलके, सहा इंची ब्लॉकची भिंत प्लास्टरसकट फुटाला दीडशे किलोच्या आत बसते, पण वर तुम्ही परत काँक्रीटचा स्लॅब टाकणार, त्यावर हजार लिटरची टाकी ठेवणार, ती एकटीच एक टन. शिवाय आपलं पुणं भूकंपाच्या झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात, धरलं जातं, १९६७चा कोयनेचा आणि १९९३चा किल्लारीचा भूकंप इथे चांगलाच जाणवला होता, आणि त्या काळच्या बऱ्याच बंगल्यांत लिंटेल पातळीला सलग पट्टा नसतो, दारं-खिडक्यांवर सुटे सुटे तुकडे असतात. अशा घराच्या डोक्यावर वजन वाढवणं मला पटत नाही.

उलट त्या गच्चीवरचं वजन कमी करा. माझा अंदाज आहे की मूळ ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर, मग कधीतरी गळतीसाठी त्यावर दुसरा कोबा, आणि वर चायना मोझॅक असं तिथे थरावर थर असेल. साडेचार इंचाच्या एका कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर जातं, म्हणजे दुसऱ्या कोब्याने स्लॅबवर तेवढंच जास्तीचं वजन कायमचं आणून ठेवलंय. दोन्ही थर स्लॅबपर्यंत काढा, पण छिन्नी-हातोडीने, ब्रेकर लावू देऊ नका, आणि निघालेला राडारोडा त्याच दिवशी खाली उतरवा, लोक तो गच्चीच्या मधोमध ढीग करून ठेवतात आणि नेमका तिथेच स्लॅब सगळ्यात कमजोर असतो. राडारोडा उचलायचा दर ब्रासच्या, म्हणजे शंभर घनफुटांच्या, हिशोबाने ठरवा आणि तो राडारोडा कुठे जाणार तेही लिहून घ्या, नाहीतर जातो नदीपात्रात. मग स्लॅब दुरुस्त करून एकच हलकं, चांगलं वॉटरप्रूफिंग.

आता तपासण्या, कारण वर जे म्हटलं ते सगळं याच्यावर अवलंबून आहे. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक या काँक्रीटचा दर्जा अजमावणाऱ्या दोन टेस्ट सगळे करतात, त्या करा, पण जुन्या घरात मला सगळ्यात जास्त सांगून जाते ती कार्बोनेशनची टेस्ट, आणि ती स्वस्तही आहे. बाथरूमच्या छताशी, छज्ज्याखाली आणि एका कोरड्या खोलीत असं तीन-चार ठिकाणी स्लॅबचा तळ सळीपर्यंत ताजा फोडायचा, धूळ फुंकायची आणि फिनॉल्फ्थॅलीन फवारायचं. काँक्रीट अजून अल्कली असेल तर क्षणात गडद गुलाबी होतं, जिथे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ते मारलंय तिथे रंगच येत नाही, तसंच राखाडी राहतं. मग फुटपट्टी लावून बघायचं की गुलाबी कुठून सुरू होतं. सळीच्या अलीकडे सुरू झालं तर सळी अजून सुरक्षित आहे. सळीच्या मागे सुरू झालं तर तिचं संरक्षण संपलंय, ओल लागली की गंजणार, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपेक्षा जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट पोपड्यासारखं ढकलून पाडतो. तुमच्या घरात कोरड्या खोल्यांत गुलाबी आलं आणि फक्त बाथरूम-छज्ज्यापाशी राखाडी आलं तर घर दुरुस्त होण्यासारखं आहे. सगळीकडे राखाडी, वर सळ्या बोटाने खरवडल्या तरी पापुद्रे निघतायत, अशी अवस्था असेल तर मीही सांगेन की पैसे डागडुजीत घालू नका, नवं बांधा. पण हे टेस्ट बघून ठरवायचं, कोणीतरी भिंतीवर हात आपटून सांगितलं म्हणून नाही.

दुसरी तपासणी खड्ड्याची. बाहेरच्या भिंतीलगत एका जागी पायापर्यंत खणून बघा, दगडी पाया किती खोल गेलाय, भिंतीच्या किती बाहेर आलाय, आणि खाली मुरूम आहे की भराव. सहकारनगरात टेकडीच्या बाजूला मुरूम आणि खडक लवकर लागतो, पण आंबिल ओढ्याच्या जवळच्या प्लॉटांवर भराव किंवा काळी माती निघते, आणि २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्या ओढ्याला पूर येऊन काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्यावर उथळ पाया ठेवायचाच नाही.

नवा भाग मागे बांधताना लोकांची पहिली इच्छा असते की जुन्या भिंतीत सळ्या ठोकून नवा स्लॅब तिलाच जोडून टाकावा, एक भिंत वाचते. हे करू देऊ नका. जुनं घर पन्नास वर्षांत जेवढं बसायचं तेवढं बसलंय, नवं बांधकाम पहिल्या दोन-चार वर्षांत थोडं तरी बसणारच, एकमेकांना बांधून ठेवलं की जोडाशी तडा ठरलेला. त्यामुळे नवे कॉलम जुन्या भिंतीपासून तीन-चार फूट लांब घ्या म्हणजे नव्या फुटिंगचा खड्डा जुन्या पायाला लागत नाही, आणि तिथून बीम पुढे काढून स्लॅब जुन्या घराजवळ आणा. जुन्या पायापेक्षा खोल जावं लागलं तर सलग चर खणायचा नाही, एकेक खड्डा खणून, भरून, मग पुढचा, आणि हे काम पावसात अजिबात नाही.

दोन्हींच्या मध्ये किती फट ठेवायची ते उंचीवरून तुमचा इंजिनियर काढेल, त्यात थर्माकोलची शीट घालून भागतं. खरं लक्ष द्यायचं ते गच्चीवरच्या जोडावर, कारण जुनं-नवं जोडलेल्या घरांतल्या गळतीच्या तक्रारी मी बघते त्यातल्या बहुतेक इथून सुरू झालेल्या असतात. दोन्ही गच्च्या एका पातळीत आणून वरून सलग टाइल लावली की दिसायला छान दिसतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात ती टाइल जोडावर चिरते. फटीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांचे काँक्रीटचे उंचवटे करा, दोन्हींवर वॉटरप्रूफिंग चढवून घ्या, आणि वरून अॅल्युमिनियमची टोपी टाका जी एकाच बाजूला स्क्रू केलेली असेल, दुसऱ्या बाजूला नुसती टेकलेली, म्हणजे दोन्ही इमारती आपापल्या हलू शकतात. दोन्ही गच्च्यांचा उतार जोडापासून लांब. आतल्या बाजूला ये-जा जिथून होणार तिथे फरशीत जोडपट्टी, आणि ती एकाच दारापुरती ठेवा, चार ठिकाणी भोकं पाडू नका. पातळीचं आधीच बघा, जुन्या घराची उंची साडेदहा-अकरा फूट असते, नव्यात तुम्ही दहा ठेवलीत तर वरच्या मजल्यावर एक पायरी येईल आणि रात्री पाण्याला उठलेला माणूस तिथे अडखळेल. उंची जुन्याएवढीच ठेवा, उन्हाळ्यात बरंही वाटतं.

आई-वडिलांची खोली नव्या भागात तळमजल्यावर द्या. तीन फुटांचं दार, उंबरा नाही, बाथरूमची फरशी खडबडीत आणि खोलीच्या पातळीत, कमोडच्या बाजूला धरायला दांडा आणि तो दांडा जिथे बसणार तिथे ब्लॉकऐवजी विटा किंवा काँक्रीट, कारण ब्लॉकमध्ये साध्या स्क्रूची पकड राहत नाही. पुढेमागे लिफ्ट लागेल असं वाटत असेल तर जिन्याशेजारी जागा आणि खालचा खड्डा आत्ताच करून ठेवा, त्यावर फळी टाकून कपाट म्हणून वापरा. जुन्या घरात वरच्या खोलीला बाथरूम हवंच असेल तर खालच्या बाथरूमच्याच डोक्यावर, भिंतीला टांगलेला कमोड आणि पाइप सरळ बाहेरच्या भिंतीवर, स्लॅब फोडून सन्क करणं, म्हणजे पाइपसाठी तेवढा भाग खाली उतरवणं, शक्य नाही.

वायरिंग पूर्ण बदला, नवा अर्थिंग पिट, आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), आणि एसी, गिझर, इंडक्शन, उद्याची इलेक्ट्रिक गाडी हे सगळं मोजून महावितरणकडे लोड वाढवायचा अर्ज आधीच टाका. पण नऊ इंची भिंतीत पाइप लपवायला आडव्या झऱ्या मारू देऊ नका. उभी झरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, आडवी एक षष्ठांश, म्हणजे दीड इंच, आणि कटर घेतलेला पोरगा ते मोजत नाही, तुम्हीच उभं राहायला हवं.

अजून एक पुण्यातल्या जवळपास प्रत्येक जुन्या बंगल्याची गोष्ट. रस्त्यावर थरावर थर डांबर, मग काँक्रीट, त्यामुळे रस्ता वर आला आणि घराचं जोतं होतं तिथेच राहिलं. लोक मग अंगणात भर घालून पेव्हर ब्लॉक थेट भिंतीपर्यंत लावतात, आणि पुढच्या वर्षी आतून दोन फुटांपर्यंत ओल आणि पांढरा खार. भिंतीलगत दीड-दोन फुटांची पट्टी मूळ पातळीला मोकळी ठेवा, तिच्यात नाली करा, गेटपाशी जाळीचा चर घ्या. आणि जिथे ओल आहे तिथे प्लास्टिक पेंट लावून ती कोंडू नका.

परवानगीचं थोडक्यात. महापालिकेतून मूळ मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र काढा, प्रॉपर्टी कार्ड बघा, त्यावर नाव आजोबांचंच असेल तर वारसांच्या नोंदी आधी. सोसायटीचा प्लॉट असेल तर सोसायटीची ना हरकत लागेल. डिसेंबर २०२०पासूनच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत आपल्याकडे बेसिक एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१ आहे, आणि रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) चढवता येत नाही, पण एका कुटुंबाच्या घराला तेवढं बहुतेक पुरतं. ६ मीटरचे रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव महापालिकेने मध्यंतरी आणला होता, तुमच्या गल्लीत रस्तारेषा, म्हणजे रुंदीकरणानंतरची रस्त्याची हद्द, प्लॉटच्या आत आलीय का ते आर्किटेक्टला बघायला सांगा, नाहीतर पुढचं पार्किंग कागदावरच राहायचं. आंबा परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, पण मुळात तोडूच नका, नव्या भागाचा कोपरा चार फूट आत घ्या. पश्चिमेचं ऊन अडवणारं एवढं मोठं झाड परत उभं राहायला तीस वर्षं लागतात.

जुन्यातलं काय ठेवायचं याची यादी पाडकाम करणारा यायच्या आधी करा, नाहीतर सागवानी दारं आणि चौकटी भंगारच्या भावात टेम्पोत चढतात. रंग खरवडला की आतलं लाकूड बहुतेक ठणठणीत निघतं, फक्त चौकटीचे पाय वाळवीसाठी तपासा. मोझॅक टाइल असतील तर त्यावर व्हिट्रिफाइड चिकटवू नका, परत पॉलिश होतात आणि खूप सुंदर दिसतात.

कॉन्ट्रॅक्टरबद्दल एवढंच, की स्ट्रक्चरल इंजिनियर तुम्ही नेमा आणि फी तुम्ही द्या, कॉन्ट्रॅक्टरच्या ओळखीचा नको. पैसे कामाच्या टप्प्यावर आणि मोजमाप करून. अंदाजपत्रकाच्या पंधरा-वीस टक्के रक्कम बाजूला ठेवा, जुनं घर उघडलं की काहीतरी निघतंच. चार महिने हा आकडा विसरा. तपासण्या आणि परवानगी पावसाळ्यात करा, खोदकाम दिवाळीनंतर, आणि दोन्ही गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग मेच्या आत पूर्ण झालंच पाहिजे.

राहायचं विचाराल, तर नव्या भागाचं बांधकाम चालू असताना तुम्ही जुन्या घरात आरामात राहू शकता, फक्त मागचं दार बंद ठेवा आणि मुलांना खड्ड्यांकडे जाऊ देऊ नका. मग नवा भाग तयार झाला की सगळे तिकडे जा, तिथल्या वरच्या खोलीत तात्पुरता ओटा मांडा, आणि जुनं घर रिकामं करून दुरुस्तीला द्या. म्हणूनही मला हा क्रम आवडतो, भाड्याचं घर लागत नाही. फक्त कोबा आणि प्लास्टर काढायचे दोन-तीन आठवडे वडिलांना धूळ सोसणार नसेल तर त्यांना नातेवाइकांकडे पाठवा, आणि मधल्या दाराला दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टिक लावून घ्या.